गळती

वर्षातून एकदा आम्ही दुर्बीण मुद्दाम अशा ताऱ्याकडे वळवतो
ज्याच्याकडे आमच्यासाठी काहीच नाही.
अभिजित.
लख्ख, निळसर, आणि क्ष-किरणांच्या बाबतीत मुका.
त्याच्याकडे बघताना जे मोजलं जाईल
ते आमच्याच पडद्यातून झिरपलेलं :
बरंचसं अतिनील, थोडा साधा उजेड,
न बोलावता पंगतीत येऊन बसलेला.

पडदा म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा पापुद्रा.
कांद्याच्या एका सालीचे पाचशे पदर काढता आले
तर त्यातला एक.
इन्यात्सिया तो चौकटीत बसवायची श्वास रोखून,
आणि आम्ही बाकीचे शिंक आली तर जिन्यात पळायचो.

उड्डाणाआधी, पालेर्मोतल्या तळघरात,
लांब निर्वात नळीच्या त्या टोकाला दिवा लावून
तिने भोकं शोधली. तीन सापडली.
चौथं नाही, असं वहीत मी लिहिलं.

ऑगस्टमध्ये इथे सिरोक्को सुटतो,
दाताखाली आफ्रिकेची वाळू करकरते,
दुपारभर गावाच्या झडपा बंद.
लिबोरिओकाकाच्या झडपेला एक भोक होतं, खिळ्याचं.
उजेडाचा ठिपका पलंगाच्या पायावरून निघायचा,
सावकाश, पोटावरून,
हनुवटीवर पोचला की चार वाजले,
उठायचं, दुकान उघडायचं.
काकू बोळा कोंबायची. तो काढून टाकायचा.

आज रात्री तासाला अकरा ठिपके.
गेल्या वर्षी चार होते.
गास्पारे नवा आहे. विचारतो,
मग दुरुस्ती कधी?
मी वर बोट दाखवते. तिथे छताचा ओला डाग आहे फक्त,
पण त्याला कळतं.
तिकडे आता कुणाचा हात पोचत नाही.
गळती फक्त ओळखता येते,
आणि ओळखली की वजा करता येते,
दर वर्षी, नव्याने.

मागच्या वसंतात एका म्हाताऱ्या ताऱ्याला
ताप आहे म्हणून आम्ही जाहीर केलं होतं.
नऊ ठिपक्यांचा ताप.
त्यातला त्याचा किती आणि आमचा किती,
हे उद्या बसून काढायचं आहे, आणि मग
ज्यांनी अभिनंदन केलं त्यांना कळवायचं आहे.

जुनी वही कपाटात खालीच होती.
माझंच अक्षर, तेव्हाचं, जरा जास्तच ठाम.
खोडलं नाही.
खाली तारीख घातली, आणि लिहिलं :
चौथं आहे.