कल्पना हाताशी ठेवा

नोशन.
बोराबाजारातल्या आमच्या भाषांतराच्या ऑफिसात
या शब्दाचा भाव इतर शब्दांएवढाच,
सव्वा रुपया.

तसं हे जुनं गिऱ्हाईक.
कोर्टाच्या कागदात आलं की मी 'समज' लिहिते,
अलीकडे 'गैर' लावायला जागा सोडून.
तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांना 'धारणा' लागते,
तीही इस्त्री केलेली.
सासूने सुनेविषयी करून घेतलेला 'ग्रह'.
पन्नाशीच्या माणसाने एकाएकी सतार आणली तर 'खूळ'.
आणि काहीच सुचत नसेल, पाच वाजत आले असतील,
तर 'कल्पना'.
कल्पना कुठेही चालते.
शाळेत माझ्या वर्गात चार होत्या,
त्यांतली एक दर शनिवारी गैरहजर.

त्या दिवशी पाच वाजत आले होते.
परदेशी शिलाई मशीनची पुस्तिका, चाळीस पानं.
पहिल्याच पानावर मी लिहिलं :
'शिवायला बसण्याआधी आपल्या सगळ्या कल्पना गोळा करा
आणि हाताशी ठेवा.'
वाचून बरं वाटलं.
कंपनी विचारी दिसते, म्हटलं,
आणि टोपण लावून घरी गेले.

महिन्याभराने फोन आला, विक्रोळी पार्कसाइटहून.
शिवणवर्गाच्या मेबल परेराबाई.
'कल्पनावाल्या तुम्हीच का?'
आणि हसायलाच लागल्या,
इतक्या की त्यांच्या मागची मशीनं एकेक थांबत गेलेली
मला ऐकू आली.
'अहो, तिकडे नोशन म्हणजे बटणं!
हुक, टाचण्या, रिळं, नाडी, इलास्टिक, अंगुस्तान.
शिवणाचं बारीकसारीक.'

पंचवीस वर्षं या धंद्यात.
एका बटणाने मला उघडं पाडलं.
सव्वा रुपया परत करते, म्हटलं.
'थांबा हो. पुढचं ऐका.'

अठरा बायका होत्या.
त्यांनी वाचलं, एकमेकींकडे पाहिलं,
आणि हात मांडीवर घेऊन बसल्या.
मापं त्यांना नेहमी मिळत आली होती,
कापड मिळत होतं, ओरडाही मिळत होता.
हे मात्र कोणी मागितलं नव्हतं.
दहा मिनिटं पंख्याचाच आवाज.
मग अनुसया डोळस, जिची टीप कधी सरळ येत नाही,
म्हणाली, 'ब्लाउजला खिसा का नसतो?
किल्लीचा वळ उठतो इथे.'
सुगराबी म्हणाली, 'कात्री उजव्याच हाताची का?'
ती डावरी.
वर्षभर उलटी धरत होती, बोलली नव्हती.
तिसरी म्हणाली, माझी आहे एक, पण उद्या सांगते.
उद्या ती आलीच नाही.
तिचं काय होतं, हे परेराबाईंनाही कळलेलं नाही.

शनिवारी मी भुलेश्वरला गेले.
लधाभाईंचं दुकान, रुंदी दोन हात,
भिंतभर खण, आणि प्रत्येक खणावर
आतल्या बटणाचा नमुना ओवलेला.
विचारलं, या सगळ्याला मिळून तुम्ही काय म्हणता?
ते चष्म्यावरून बघत राहिले.
'सामान,' म्हणाले. मग म्हणाले,
'बाई, घ्यायचंय काय?'

हुकांचं एक कार्ड घेतलं.

दुसऱ्या आवृत्तीत आता बरोबर आहे :
'आवश्यक साहित्य हाताशी ठेवा.'
मीच लिहिलं, खाली सहीही केली.
चूक कुठेच नाही.
नव्या तुकडीतल्या बायका साहित्य हाताशी ठेवतात
आणि थेट पायडल मारायला लागतात.

माझ्या कोशात, त्या शब्दाच्या समासात
पेन्सिलीने दोन अर्थ वाढवलेत.
एक : बटण वगैरे.
दोन : खिसा, आतल्या बाजूने.
तिसऱ्यापुढे आकडा घालून
जागा कोरी ठेवली आहे,
ती बाई आली तर.