तंदुरुस्तीचा दाखला

धंतोलीत, दुसऱ्या मजल्यावर, कूलरच्या घरघरीत
गजेंद्र बारापात्रे सांगतो,
"सोमवार ते शनिवार काही नाही होत, मॅडम.
रविवारीच छातीत धडधड होऊन राहिली."

मिहानच्या गोदामात मनगटाला बांधलेलं यंत्र
त्याला सांगतं : रांग चौदा, खण सहा, उचल.
तो उचलतो.
रविवारी मनगट उघडं.
"मग मी दारात उभा राहतो जी, चप्पल घालून.
कुठं जाऊ, हेच समजत नाही.
सोमवार कधी येते, वाट पाहतो."

कंपनीचा फॉर्म माझ्यासमोर. दोन चौकटी :
फिट. अनफिट.
गोदामासाठी एकही चौकट नाही.

जुळवून घेता आलं की माणूस बरा, असं शिकले होते.
कशाशी जुळवून, हे परीक्षेत आलं नव्हतं.
मे महिन्यात हे गाव सेहेचाळीस अंश सोसतं
आणि पारा चव्वेचाळीसवर उतरला की
पानठेल्यावर म्हणतात, आज बरं आहे बाप्पा.
मीही म्हणते.
अशी बरी झालेली माणसं मी वीस वर्षं
पन्नास-पन्नास मिनिटांनी परत पाठवली.
पुढच्याची चप्पल दाराशी वाजली
की माझंही मनगट आपोआप वळतं.

लाईन गेली.
कूलर थांबला; वाळ्याचा ओला वास तेवढा राहिला.
खिडकीच्या पडद्याचा एक धागा
किती दिवसांपासून सुटलेला.
बोलता बोलता त्याने तो चिमटीत धरला,
थुंकी लावून पीळ दिला, गाठ मारली,
इतकी बारीक की मला दिसेना.
"बाबा गोळीबार चौकात मागावर बसायचे.
माग विकला तेव्हा मी सातवीत.
मले कोणी शिकवलं नाही."
मग आपल्याच बोटांकडे पाहत राहिला,
जशी ती कोणी उसनी नेली होती
आणि आज न सांगता आणून ठेवली.

"हे करायला कोणी सांगितलं?"
"कोणीच नाही," म्हणाला,
आणि घाबरला.
धडधड तीच, रविवारची.
पण या वेळी तो उठला नाही.

साठ मिनिटं झाली. सत्तर.
बाहेर बाकावरची बाई दोनदा खोकली.
लाईन आली, तसा कूलरच्या पहिल्या झोतात
फॉर्म उडून टेबलाखाली गेला.
आम्ही दोघांनीही पाहिला.
तो पडद्याची दुसरी कड चाचपत होता.