बिनआवाजाची

एकतीस वर्षं मी इंजिनं कानांनी दुरुस्त केली.
साखरी नाट्याच्या जेटीवर उभा राहून
खाडीच्या तोंडाशी आलेल्या बोटीचा ठोका ऐकायचो
आणि सांगायचो, दुसऱ्या सिलिंडरचा नोझल गळतोय,
तांडेलाला म्हणावं, चहा घे, वेळ लागेल.

आता शेवडेबाईंच्या कलमांत
गवत कापायची गाडी माझ्या हाती आहे.
चावी फिरवली की काहीच होत नाही.
पहिल्या दिवशी तीनदा फिरवली.
बाई म्हणाल्या, मजीदभाय, ती चालू आहे.

पंपघराच्या पत्र्यावर सहा पॅनल, दक्षिणेला कललेले.
उन्हं चढायच्या आत धुवायचे,
तापल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही.
कावळ्याची शीट, सड्यावरची तांबडी धूळ,
आणि कालच्या खाऱ्या वाऱ्यानं आणून ठेवलेलं
डोळ्याला न दिसणारं काहीतरी.
बोट फिरवून मी जिभेला लावतो.
मीठ.
इथवर येतं, चढण चढून.

सीटखाली चार बॅटऱ्या.
दर जुम्म्याला नमाजाआधी टोपणं उघडून
चोवीस भोकांत डोकावतो.
प्लेटा बुडालेल्या हव्यात, इतकंच.
विहिरीचं पाणी चालत नाही, बाटलीतलं लागतं,
तेही पूर्ण चार्ज झाल्यावर, आधी ओतलं की उतू जातं.
टर्मिनलवर हिरवट पीठ साचतं.
खायच्या सोड्याचं कोमट पाणी, जुना दात घासायचा ब्रश,
मग व्हॅसलीनचा जाड लेप.
हलीमा म्हणाली, माझ्या टाचांच्या भेगा
एकतीस वर्षांत दिसल्या नाहीत.
डबी त्या रात्रीपासून घरी असते.
गाडीसाठी दुसरी आणली.

डिझेल उधार मिळायचं. पंपावर वही होती.
ऊन उधार मिळत नाही.
मळभ असलं आणि काटा चाळिसावर आला
की पातं उचलायचं, घरी वळायचं.
तन्वीर म्हणतो, अजून दोन ओळी होतील की.
होतील.
पण तळापर्यंत उपसलेली बॅटरी
दुसऱ्या वर्षी त्याचा हिशेब मांडते,
आणि तेव्हा तन्वीर पुण्याला असणार.

गवतात जांभ्याचे दगड दबा धरून बसतात.
एक लागला की पातं बोथट, कधी वाकडंसुद्धा.
कानशीनं धार काढतो,
मग मधल्या भोकात खिळा घालून भिंतीला टांगतो.
एक बाजू खाली गेली
तर जड बाजूची थोडी अजून घासायची.
आडवं स्थिर राहिलं की झालं.
हे काम मला आवडतं. का, ते विचारू नका.

आश्विनात बेणणी चालू होती.
गडग्यालगतची पायरी, तिच्या सावलीत कमरेइतकं गवत.
सशाचं पिल्लू होतं.
त्यानं मला ऐकलं नाही.
मीही काही ऐकलं नाही,
फक्त दांड्यातून तळहाताला
दगडापेक्षा मऊ असं काहीतरी लागलं.

डिझेलची असती तर ते केव्हाच पळालं असतं.
सगळी बाग उठून बसायची त्या आवाजानं, शिव्या देत.
मी खड्डा खणला. तन्वीर बोलला नाही.
त्या दिवशी अठ्ठ्याऐंशी टक्के शिल्लक होती.
गाडी झाकून ठेवली.

दुसऱ्या सकाळी जेटीवर गेलो.
भंगारात काढलेल्या 'नूरजहाँ'ची पितळी घंटा
दाऊदनं वजनाच्या भावात दिली,
नंतर पैसे परत केले.
पुढच्या बंपरला तारेनं बांधली.
आता खड्ड्याखड्ड्यावर वाजते,
आणि गवत पुढे पुढे हलत जातं:
सरडे, लावे, एकदा एक धामण,
घाई न करता.

गडग्यापलीकडून पोरं धावत आली,
मुठीत नाणी.
कुल्फीवाला कुठाय?
मी म्हटलं, गवत आहे.
चौघं हिरमुसून परतली.
पाचवीनं विचार केला,
बकरीसाठी एक भारा मागितला,
आणि दोन रुपये द्यायला लागली.