वाफा क्रमांक एकशे चौदा

सायलेशियातल्या त्या जस्ताच्या भट्टीची चिमणी पाडून
एकवीस वर्षं झाली.
तिच्या सावलीतला वाफा अजून हिल्डा कोचूरेकच्या नावावर,
पत्र्याचं खोपट, फाटकाला सायकलची साखळी.
मी मातीचा अहवाल घेऊन गेलो.

तिनं आधी पुदिन्याचा चहा दिला, मग चष्मा शोधला,
मग म्हणाली, तूच वाच.

शिसं इतकं. कॅडमियम इतकं.
आकड्यांना चव नसते, म्हणून मुळांबद्दल सांगितलं:
मूळ आंधळं असतं. दारात कोण आलंय ते चाचपून ओळखतं.
कॅडमियम जस्ताचा अंगरखा घालून येतं
आणि मूळ म्हणतं, ये, घरचाच तू.
मग लोहाला जागा उरत नाही.
पान शिरांपुरतं हिरवं, मधे पिवळं.
वाटाण्याची मुळं आखूड, तपकिरी,
जळून विझलेल्या वातीसारखी.

"वाटाणा कधी धरलाच नाही इथं," ती म्हणाली.
"मला वाटायचं, माझाच हात वाईट."
चाळीस वर्षं.

"पण हे लेट्यूस बघ की!"
लेट्यूस खरंच देखणं होतं.
त्याचं काय सांगावं? कुरकुर न करता
सगळं पानात साठवतं, तोंडावर दिसू देत नाही.
असली माणसं तिच्या ओळखीची असावीत.
बराच वेळ ती मान हलवत राहिली.

मग नकाशावरच्या सगळ्यात काळ्या ठिपक्यावर बोट:
खोपटाशेजारी, चुक्याची ओळ.
"इथंच का एवढं? चिमणी तर तिकडं होती."
मला माहीत नव्हतं.
तिला होतं.

दर शनिवारी एरविनचे कामाचे कपडे टबात.
तीन पाणी बदलली तरी राखाडी निघायचं,
आणि पाणी वाया कशाला घालवा,
म्हणून ते चुक्याला.
त्या चुक्याचं सूप, वर अर्धं उकडलेलं अंडं.
पोरं वाडगा चाटून पुसून.

चुना घाला, मी म्हणालो. फुलं लावा. खायचं काही नको.
त्या आठवड्यात हे वाक्य मी सदुसष्ट दारांत म्हटलं होतं.

ती उठली. एक गाजर उपटलं,
दोन पायांचं, पिळवटलेलं,
एप्रनला पुसून नाकाशी धरलं.
वास गाजराचाच.
खाल्लं नाही. फेकवलंही नाही.
त्याच भोकात परत ठेवून वरून माती थोपटली.

मग माझ्या रिकाम्या कपाकडे पाहत म्हणाली,
"पुदिना इथलाच."