ओ

आमच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलच्या रेघा आहेत.
एलिसेओच्या वर चढत गेलेल्या, तारखांसकट.
माझ्या सातव्या वर्षापर्यंत.
मग आईने पेन्सिल
दुकानाच्या हिशेबाला लावली.

इक्वेडोरच्या या दक्षिण डोंगरात
माझ्या उंचीची माणसं बारा-पंधरा तरी असतील.
पाहुणे थबकतात.
आम्हाला त्यांच्या गुडघ्यांची सवय आहे.

कितोहून डॉक्टर नार्सिसा आल्या,
सहा नळ्या रक्त घेऊन गेल्या, पावसाळा सरल्यावर परत आल्या.
म्हणाल्या, लुसमिला, वाढीचं हार्मोन तुझ्यात कमी नाही,
उलट इतरांहून जास्तच आहे.
रक्तातून फिरतं, पेशीपेशीला हाक मारतं,
पण दारात ओ द्यायला कोणी नाही.

मला हसू आलं.
म्हणजे इतकी वर्षं कुणीतरी माझ्याच अंगात
घसा कोरडा करतंय
आणि मी इथे गूळ तोलत बसलेय.

एलिसेओने मला पेरूच्या लाकडाचं स्टूल करून दिलं,
चार पायऱ्यांचं.
त्यावर बसून मी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघत
उधारी नाकारू शकते.
तो स्वतः दुकानात वाकून यायचा.
त्याच्या पेशी गुणी. हाक आली की ओ.
वाढ म्हटलं, वाढल्या.
बेचाळिसाव्या वर्षी आतड्यात कुठेतरी
एका विकराची कळ दाबली गेली ती दाबलेलीच राहिली,
कोणी हाक मारत नव्हतं
तरी त्या ओ देत सुटल्या.

"तुमच्यासारख्यांत हा आजार जवळजवळ दिसतच नाही,"
डॉक्टर मला म्हणाल्या. त्याच्यासमोर.
तो पडल्या पडल्या म्हणाला,
"बघ, बहिऱ्यांचंही कधीतरी बरं होतं."

तो खाटेला लागला तेव्हा
पहिल्यांदाच मी त्याच्याकडे वरून पाहिलं.
कुशीवर वळला, तर टाळूवर दोन भोवरे.
माहीतच नव्हतं.

सुताराने पेटीसाठी माप विचारलं.
मी चौकटीकडे बोट केलं,
सगळ्यांत वरच्या रेघेकडे.
तो म्हणाला, ही तर जुनी आहे.
म्हटलं, वर चार बोटं धर.

नार्सिसाबाई यंदाही आल्या आहेत, नळ्यांचा डबा घेऊन.
अंगणभर कॉफी वाळत घातलीय,
त्या पलीकडूनच हाका मारतायत.
चार पायऱ्या उतरायला मला वेळ लागतो.
ओ दिलीय मी.
थांबा जरा.