खालचं फळ

आधी एक लाल ठिपका होता, आठ आण्याएवढा,
माकडहाडावर.
खोब्रागडे सिस्टरनं बोट टेकवून दाबलं, उचललं.
लाली जिथल्या तिथं.
"पांढरं पडलं असतं तर बरं होतं," ती म्हणाली,
"हे आतून सुरू झालंय."
मी विचारलं, तेल लावून चोळू?
"चोळायचं नाही. वजन काढायचं."

मामाजींना हे ठाऊक होतं.
चाळीस वर्षं त्यांनी वरुडच्या बाजारात संत्र्याच्या पेट्या भरल्या.
तळाला तणस, मग फळ, मग पुन्हा तणस,
देठ कुठल्या अंगाला ते त्यांचा हातच बघायचा.
"खालचं फळ बोलत नाही, बाई.
वास येते तवा उशीर झाला रायते."
आता तळाला तेच होते
आणि वर त्यांचंच वजन,
उरलं होतं अवघं पस्तीस किलो.

हे ट्रक घेऊन बाहेर. फोनवर विचारत,
जेवले का बाबा?
मी कुशींचं सांगायची.
बाराला पाठ. दोनला उजवी. चारला डावी.
पोराच्या भूगोलाच्या वहीचं पान खिळ्याला लावलं होतं,
मागच्या बाजूला अर्धवट नद्या,
वर्धा तेवढी निळी केलेली.

वीस वर्षं ज्यांच्यापुढं डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही,
ताट ठेवलं की दाराआड होत गेले,
त्यांची मांडी माझ्या हातात.
पहिल्या दिवशी त्यांनी डोळे मिटून घेतले.
मीही.
मिटल्या डोळ्यांनी जखम पुसता येत नाही.
तिसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी उघडले.

चादरीची एक सुरकुती रात्रभरात पाठीवर रेघ ओढते.
गुडघ्यांच्या मधे जुन्या लुगड्याची घडी,
पिंढऱ्यांखाली उशी, म्हणजे टाचा अधांतरी.
"टाचेखाली नाही, पिंढरीखाली,"
सिस्टरनं दोनदा करवून घेतलं.
दवाखान्यातून हवेची गादी मिळाली, परत करायच्या बोलीवर.
लाइन गेली की ती हळूहळू बसायची,
आणि मी अंधारात गादीखाली तळवा सरकवून बघायची
त्यांचं हाड हाताला लागतंय का.

एका रात्री मी झोपले.
सांगून टाकते.
दिवसभर कापूस वेचून आले होते,
बाराला लागलेला डोळा कोंबड्यानं उघडला.
सकाळी ठिपक्याला तोंड फुटलं होतं.
सिस्टर म्हणाली, "एका रात्रीत होत नाही हे.
अन्न सुटलंय, रक्तच पोचत नाही तिथवर."
मी मान हलवली.
मानलं नाही.

मग वास.
उदबत्ती लावली, तर एकाचे दोन वास झाले.
सिस्टरनं एक गोळी दोन चमच्यांमध्ये दाबून
भुकटी जखमेवर भुरभुरायला शिकवली.
चार दिवसांनी शेजारच्या अनुसयाबाई
नाकाला पदर न लावता खाटेशी बसल्या,
तेव्हा मी पहिल्यांदा चहा ठेवला कुणासाठी.

दिवाळी झाली आणि
नुसता हात लागला तरी ते कण्हू लागले.
"आता घड्याळ राहू दे," सिस्टर म्हणाली.
"ही भरणार नाही. वळवायच्या अर्धा तास आधी औषध दे,
आणि बरं वाटेल त्या कुशीवर ठेव."
खिळ्यावरचं पान मी काढलं नाही.
दोन वाजले की हात आपोआप उठायचे,
मग मी ते मांडीखाली दाबून बसायची.

उजवी कूस आवडायची त्यांना.
तिकडं खिडकी, खिडकीपलीकडं अंगणात
आंबिया बहाराच्या पेट्यांची थप्पी.
एकदा म्हणाले, "तणस टाकलं का?"
टाकलं, मामाजी.
"हात लावून पाह्य."
मी त्यांच्या पाठीखाली हात घातला.
होय, म्हटलं.

शेवटची आंघोळ घालताना भावकीतल्या माणसांनी पाठ पाहिली.
कुणीतरी म्हणालं, "लय हाल झाले बापा, उकंडरावचे."
मी दाराआडून ऐकलं, पदर पुन्हा डोक्यावर.
सांगावंसं वाटलं,
टाचा पाहा ना.
दोन्ही टाचा पाहा एकदा.