दोऱ्याचं माप

अकरा वर्षांनी तो मागच्या दाराने आला.
ना कशी आहेस, ना बूट पुसणं.
थेट शेगडीकडे तोंड करून सदरा वर केला :
दोन खवाट्यांच्या मधोमध
अक्रोडाएवढी गाठ.
"माझा हात पोचत नाही," आन्सेल्म म्हणाला.

ज्या हाताने पोचायचं ती सिदोनी
दोन वर्षांपूर्वी गेली. तिच्या मातीला मी
चर्चच्या पायरीपर्यंत जाऊन परत फिरले होते.

खालच्या शेताचं मी विचारलं नाही.
ते मसुराचं शेत, वडिलांचं मृत्युपत्र,
नोटरीच्या कपाटातली ती जाड फाईल.

मातीची बरणी काढली.
हिरवी माती, वाळल्या शेवाळाच्या रंगाची.
आईचे नियम : धातूचा चमचा लावायचा नाही,
माती मरते.
पाणी वरून सोडायचं, ढवळायचं नाही,
ती आपल्या वेळेने पिते.
आईला हे कुणी सांगितलं, देव जाणे.
मी लेस विणणारी बाई. एक टाका चुकला
तर सगळी किनार उसवते एवढं मला कळतं,
म्हणून लाकडी चमचाच घेतला.

अंगठ्याएवढा जाड थर. वर कोबीचं पान,
शिरा लाटण्याखाली ठेचून.
जुन्या चादरीची पट्टी काखेतून फिरवून
छातीवर बांधली.
गार माती टेकली तसा तो शहारला,
सात वर्षांचा असताना
विहिरीच्या पाण्याने मी त्याचं डोकं धुवायची,
अगदी तसा.

दीड तास.
बाहेर ब्युर्ल सुटलेला, आमच्या पठारावरचा
बर्फाला आडवं पळवणारा वारा.
आत दोन म्हातारी माणसं
आणि माती वाळल्याचा आवाज.
असतो आवाज. भेगा पडताना
बारीक, कुणी दुरून नखं कापावीत तसा.

वापरलेली माती पुन्हा वापरायची नाही,
झाडाच्या मुळाशी टाकायची नाही.
पहिल्या संध्याकाळी मी ती मुद्दाम
त्याच्या बांधावर टाकली, मसुराच्या कडेला.
हे सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी लेसचा पांढरा दोरा
त्या गाठीभोवती फिरवला
आणि टोकं जुळली तिथे गाठ मारली.
नवव्या दिवशी पुन्हा : टोकं तिथेच जुळली.
तेराव्या दिवशी दोरा केसभर अपुरा पडला.

"कमी होतेय का?"
"थोडी," मी म्हणाले
आणि दोरा एप्रनच्या खिशात टाकला.

तोवर आमचं बोलणं सुरू झालं होतं.
आईचा पिवळा साखरेचा डबा कुणाकडे आहे.
चावऱ्या कुत्र्याचं नाव काय होतं.
त्याला आठवलं : मिनिस्टर.
हसताना पोटीस सरकलं, मी रागावले.

एकोणिसाव्या दिवशी गाठ लाल, हाताला गरम.
ऑदिलची मुलगी नर्स आहे. तिने पाहिलं
आणि माझ्या वाडग्याकडेही पाहिलं.
"आत पिशवी असते, मार्सलीन.
माती कातडीवर बसते,
पिशवीला तिचं ऐकू येत नाही. दवाखान्यात न्या."

ल पुईला आधी पू काढला,
आठ आठवड्यांनी पिशवी.
वीस मिनिटं, चार टाके.
डॉक्टर माझ्यापेक्षा ढोबळ शिवतो,
पण गाठ गेली.

परतताना बसमध्ये मी कबूल केलं :
दोरा नवव्या दिवशीच सांगत होता.
तो खिडकीबाहेर बघत म्हणाला,
"माहीत होतं. हात पोचत नाही,
पण सदरा घालताना कळतं ना."

टाके निघाले. जखम भरली.
पुढच्या मंगळवारी मागचं दार वाजलं.
खांदा आखडलाय, म्हणाला.
कुठला खांदा, हे ठरवायला
त्याला जरा वेळ लागला.

मी वाडगा खिडकीत उन्हाला ठेवला.

खालच्या शेताचं अजून काही ठरलेलं नाही.